लाल जपानी गिटारची सुपारी

पितृपक्ष संपत आला की मला कणकण आल्यासारखं वाटायला लागतं. डोकं जड, अंग मोडून आल्यासारखं, जेवणावर वासना नाही. ताप बघावा तर नसतोच. नवरात्र जवळ आलेलं असतं, बास.

पाऊस गेलेला असतो आणि थंडीचा पत्ता नसतो. मुलुंडमध्ये त्या दिवसांत नुसती भट्टी पेटते. मैदानातला चिखल वाळून त्याची धूळ झालेली असते, त्या धुळीत बांबू येऊन पडतात. मंडपाचं कापड वर्षभर कुठल्यातरी गोदामात कोंबलेलं असतं, ते उलगडलं की उंदीर, डांबरगोळ्या आणि जुना घाम असा एक वास सुटतो. लोकांना नवरात्र म्हणजे झेंडू आणि धूप आठवतो. मला आधी तो कापडाचा वास येतो. मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट छापते, तिथल्या पोरी घट बसायच्या कितीतरी आधीपासून रंगांच्या मागे लागतात. "सुलूताई, तिसऱ्या दिवशी राखाडी आहे हां, आहे ना तुमच्याकडे?" अगं बायांनो, माझ्याकडे राखाडी सोडून दुसरं आहे काय? केससुद्धा त्याच रंगाचे झालेत.

या वर्षी असंच उकडत असताना मोहनदादाचा फोन आला. मोहनदादाचा ऑर्केस्ट्रा आहे. तो स्वतः कीबोर्ड वाजवतो. कॉलेज सुटल्यावर मी त्याच्याकडे गिटार वाजवायला लागले आणि आता मला चाळिशीचा चष्मा लागूनही जमाना झाला, म्हणजे किती वर्षं झाली ते तुम्हीच बघा.

"सुलू, नऊ दिवसांची सुपारी आलीय," तो म्हणाला.

आमच्यात कार्यक्रमाच्या बोलावण्याला सुपारी म्हणतात. माझ्या आईने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हबकलीच होती. शेजारणीला सांगताना म्हणायची, "आमच्या सुलूला सुपारी मिळालीय, पण तसली नव्हे हो, गाण्याची." मी पदर खोचून निघाले की चाळीतली पोरं ओरडायची, "सुलूताई, आज कोणाचा नंबर?" मीही सांगायचे, "तुझ्या काकाचा."

तर सुपारी आली होती. मी नेहमीसारखं विचारलं, गाणी कुठली, तालमी कधी. मोहनदादा जरा घुटमळला. मग म्हणाला, "तालीम नाही गं. सगळं आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर आहे. गायक दोघं, ढोलवाले, बाकी लॅपटॉप."

"मग मी काय करायचं?"

"उभं राहायचं. ती लाल गिटार गळ्यात घालून. हात हलवायचा."

"आणि गिटारची वायर?"

"वायर कशाला? लावायचीच नाहीये कुठे."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, आधी हायसंच वाटलं. माझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेल्या उन्हाळ्यापासून अडकतं. वाकतं, पण सरळ होताना खिळल्यासारखं होतं आणि मग टक् करून सुटतं. डॉक्टर म्हणाले, ट्रिगर फिंगर. मी म्हटलं, वा, सुपारीवालीला ट्रिगरच सापडला. ते हसले नाहीत. नऊ दिवस नुसतं उभं राहायचं, बोटाला आराम, वर लोकांचा नमस्कार. आणखी काय पाहिजे? तरीसुद्धा मी म्हणाले, "माझं बोट धड नाही दादा. मी नाही येत. उभं राहायला दुसरी कोणी बघ."

त्यावर तो जे बोलला ते माझ्या डोक्यात अजून घोंगावतंय. "बरं, तू नको येऊस. पण गिटार पाठवशील का? मंडळाच्या पोरांना तीच हवीय. फोटोत काय झकास दिसते! विंटेज आहे ना."

म्हणजे मी नसले तरी चालणार होतं. "कळवते," म्हणाले आणि फोन ठेवला. मग चहा टाकला आणि उतू घालवला.

विंटेज! या गिटारला आयुष्यभर लोकांनी काय काय नावं ठेवली आणि आता हे. ती जपानमध्ये बनली, माझ्या लहानपणीच कधीतरी. माझा चुलतभाऊ बाळादादा बोटीवर खलाशी होता. त्याने ती कोबेच्या बंदराजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानातून उचलली. त्याला वाजवता येत नव्हती. इथे आणून विकायचा बेत होता. त्या काळात 'ओरिजिनल जपान' म्हटलं की लोक टेपरेकॉर्डर असो की छत्री, डोळे मिटून विकत घ्यायचे. पण वांद्र्याच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एकाने गिटार मागून-पुढून पाहिली, एक तार छेडली आणि परत दिली. "कॉपी आहे यार," म्हणाला. अमेरिकेतल्या कुठल्याशा नावाजलेल्या गिटारची नक्कल. बाळादादाचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या खोलीत गळायचं, म्हणून त्याने ती आमच्या घरी खिळ्याला टांगली आणि तो पुन्हा बोटीवर गेला. पुढे त्याने ती कधी मागितलीच नाही.

तर अशी ही कोणाला नको असलेली बया माझ्या गळ्यात पडली. लाल रंग, कडेला काळपट होत गेलेला. खटके इतके की विमान चालवता येईल. त्यातले दोन कशासाठी आहेत ते मला अजून कळलेलं नाही. मान जाडजूड, वजन असं की तासाभराने खांदा बोलायला लागतो. पट्टीवरच्या तारा उंच, त्यामुळे दाबायला जोर लागतो. माझ्या बोटाचं जे झालंय ते बहुतेक त्यातूनच. पावसाळ्यात मान हवा पिऊन वाकते, ऑक्टोबरात पुन्हा सरळ व्हायला बघते, आणि दोन्हीच्या मधे सूर लागता लागत नाही. वर करंटही मारते. अर्थिंग धड नसलेल्या मंडपात एक हात तारांवर असताना कोरस म्हणताना माइकला ओठ लागला तर दात झिणझिणतात. म्हणून मी कायम पैठणीखाली रबरी चपला घालून वाजवत आले. लोक वर दागिने बघायचे, खाली पाहिलं असतं तर म्हणाले असते, ही भाजी आणायला निघालीय.

पण तिचा आवाज! नवीन गिटारी साबणासारख्या गुळगुळीत वाजतात. ही जरा नाकात बोलते. थोडी घोगरी, थोडी भांडकुदळ, ठेच लागलेल्या बाईसारखी कळवळून वर जाते आणि मग सांभाळून खाली येते. कॉपी कोणाची असायची ती असो, असा आवाज मी दुसऱ्या गिटारमधून कधी ऐकला नाही. मला ती आवडते. इतक्या वर्षांनी हे सांगायला मी लाजत नाही.

एकदा तिची मान उघडली होती. मान जिथे धडाला स्क्रूने बसते, त्या खाचेत आत पेन्सिलीने काही जपानी लिहिलेलं सापडलं. आम्ही समजलो, कारागिराचं नाव. मी मनातल्या मनात त्या कारागिराची बाई करून टाकली. गिटारच्या कारखान्यात कामाला जाणारी, डबा घेऊन, केस बांधून. दिवाळीला तिची आठवणसुद्धा काढायचे. आता फोनवर फोटो काढला की भाषा कळते, म्हणून गेल्या वर्षी पुन्हा मान उघडली तेव्हा बघितलं. फोन म्हणाला, 'शनिवार'. म्हणजे नावबिव काही नाही, नुसता वार! आधी हसू आलं. मग वाटलं, ठीक आहे की. आठवडाभर माना बसवून बसवून कोणीतरी दमलं असेल आणि उद्या सुट्टी म्हणून लिहिलं असेल. ते मला नावापेक्षा जास्त ओळखीचं वाटलं.

फोन आल्यानंतरच्या दिवसांत मला सारखं एकच नवरात्र आठवत राहिलं. बाकीची सगळी एकमेकांत मिसळून गेलीत, एकाच मंडपात एकाच घामाने वाजवल्यासारखी. ते एक मात्र वेगळं राहिलंय. त्या वर्षी पाऊस जरा रेंगाळला होता. सकाळी आभाळ भरून यायचं, दुपारी ऊन चटके द्यायचं आणि संध्याकाळी मैदानातून वाफा निघायच्या. आई कडाकण्या करायची, त्यांचा तळणीचा वास आणि घटाखालच्या ओल्या मातीचा वास खोलीत एकत्र साचायचा. मी नुकतीच मोहनदादाकडे जायला लागले होते. रोज गळा बसलेला, खांदा सुजलेला, तरी पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आप्पा तेव्हा घरीच असायचे. आप्पा म्हणजे माझे वडील, मालवणकडचे, लोअर परळच्या एका गिरणीत साचा खात्यात कामाला. साचे म्हणजे माग. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. आप्पा सकाळी उठून दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. कोणी विचारलं, "काय आप्पा, आज घरी?" तर म्हणायचे, "आज सुट्टी." रोज. चाळीतल्या लोकांनी मग विचारणंच सोडलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. गिरणी चालू होती तेव्हा आप्पा आपली कात्री आणि पाना घरी आणायचे, रॉकेलने पुसायचे, पाटावर मांडायचे. त्यांच्या शेजारी आईची विळी. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. विळीही नाही, म्हणून आई आदल्या दिवशीच भाज्या चिरून ठेवायची. गिरणी गेल्यावर कात्री-पाना कोणाला तरी देऊन टाकले. पाटावर विळी एकटी राहिली. आप्पा तिच्यासमोर हात जोडायचे, पण बघायचे मात्र भिंतीकडे.

त्या वर्षी खंडेनवमीला मी उठले तर खिळा रिकामा. पाटावर लाल गिटार आडवी निजवलेली, मानेत झेंडूचा हार, खटक्यांच्या पट्टीवर हळदीकुंकवाची बोटं, उदबत्ती लावलेली. आप्पा आंघोळ करून शेजारी बसले होते. कित्येक वर्षांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता.

"आप्पा, ही कशी काय इथे?"

"घरात हत्यार म्हणान ह्याच एक उरला," ते म्हणाले. "कमवता ता हत्यार. आज हेका हात लावूचो नाय, काय?"

त्याच संध्याकाळी नवमीचा कार्यक्रम होता, सगळ्यात मोठा. दुसरी गिटार कोणाकडे नव्हती. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. तिने हळूच मान हलवली, बोलू नकोस म्हणून. इतक्या वर्षांनी त्या माणसाला पाटावर मांडायला काहीतरी मिळालं होतं, ते उचलून नेऊ कशी?

दुपारी मोहनदादाच दारात. "चल सुलू, साउंड लावायचाय," म्हणत चपला काढून आत आला आणि पाट बघून जागच्या जागी थांबला. तेव्हा तो पंचविशीचा पोरगा, केस मानेवर रुळणारे. त्याने हात जोडले. आधी गिटारला, मग आप्पांना.

"आप्पा," तो म्हणाला, "आज हिला सुट्टी आहे का?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्या शब्दाला आमच्या घरात आप्पांशिवाय कोणी हात लावत नसे. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठले. अक्षता घेतल्या, गिटारवर वाहिल्या आणि दोन्ही हातांनी पाट जरासा सरकवला. पूजा संपली की देव असा जागचा हलवतात. त्यांनी भर दुपारी ती संपवून टाकली.

"सुट्टी कशी असता ता माका ठावक आसा," ते म्हणाले. "घेवन जा, चेडवा. वाजव."

मी हार काढायला गेले तर म्हणाले, "ऱ्हवांदे."

त्या संध्याकाळी मी हार घातलेली गिटार वाजवली. पाकळ्या तारांत अडकत होत्या, आवाज मधेच मुका व्हायचा. मला ते काही कळत नव्हतं, मी रडत होते. आप्पा कधी कार्यक्रमाला यायचे नाहीत. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान केव्हाच गेले होते, समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. त्या दिवशी मात्र ते मैदानाच्या कडेला, स्पीकरच्या खांबापाशी उभे असलेले मला दिसले. घरी आल्यावर मी विचारलं, ऐकलंत का? म्हणाले, "आयकाक काय येवक नाय. पण पायाखालची जमीन हालत होती. साच्यावर हालता तशी." आणि पानावर बसून दोन कडाकण्या जास्त खाल्ल्या.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. खटक्यांच्या पट्टीच्या फटीत ती हळद अजून आहे, निघत नाही. मी फार प्रयत्नही केलेला नाही.

त्यामुळे गिटार पाठवायचा प्रश्नच नव्हता. पण न जाण्याचंही मन होईना. मी दमलेय, हे खरं. लॅबमधून आलं की पाय भरून येतात. तेच चौक, तीच गाणी, तेच "वन मोअर", घरी येऊन तोच वरणभात. कोणी म्हटलं असतं, सुलू, पुरे आता, तर मी आनंदाने गिटार खिळ्याला लावली असती. पण पुरे असं कोणी म्हणतच नव्हतं. म्हणत होते, ये आणि न वाजवता उभी राहा. म्हणजे दमायचं, उकडून घ्यायचं, खांदा दुखवायचा, सगळं करायचं, फक्त जे करायला जायचं तेवढं करायचं नाही. हे माझ्याच्याने होईना. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी मोहनदादाला फोन लावला.

"गिटार येतेय. मीपण येतेय. आणि वायर घेऊन येतेय."

"अगं सुलू, समजून घे ना. साउंडवाला तुला मोठ्या स्पीकरची लाइन देणार नाही. ट्रॅकमध्ये गिटार ऑलरेडी आहे."

"नको देऊ दे. माझा जुना छोटा स्पीकर मी माझ्या पायाशी ठेवते. माझ्यापुरता. बाहेर कोणाला ऐकू नाही जाणार."

"मग वाजवून उपयोग काय?"

"ते मला नाही माहीत. चालेल की नाही ते बोल."

तो थकल्यासारखा हसला. त्याचंही वय झालंय. त्याच्याकडचे वाजवणारे एकेक करून रिक्षा, इन्शुरन्स, दुबई असे पांगलेत. लॅपटॉप काही त्याने हौसेने आणलेला नाही. "ये," म्हणाला. "पण चपला रबरी घाल. अर्थिंग बेकार आहे."

पहिल्या दिवशी मी अक्षरशः घाण वाजवलं. ट्रॅक धावतो, माणसासारखा श्वास घ्यायला थांबत नाही. त्याच्या मागे पळताना माझी दमछाक. बोट दोनदा अडकलं. मैदानातल्या बायका आरसेवाल्या घागऱ्यांत गरगर फिरत होत्या, मोबाइल वर धरून माझ्या गिटारचे फोटो काढत होत्या. एक पोरगी स्टेजजवळ येऊन ओरडली, "आंटी, सो कूल!" तिला मोठ्या स्पीकरमधली गिटार ऐकू येत होती आणि वाटत होतं, ती मीच वाजवतेय. मी हसून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अंगात कसकस होती, तरी गेले. पायाशी ठेवलेल्या त्या डब्याएवढ्या स्पीकरमधून माझा नाकातला आवाज येत होता, ढोलाच्या गदारोळात चिमूटभर. मलाच जेमतेम ऐकू येत होता. मधे एकदा वाटलं, मोहनदादाचं बरोबर होतं. हा सगळा वेडेपणा आहे. आता या वयात कोणाला काय दाखवायचंय?

तिसऱ्या दिवशी कार्यक्रम आटोपला. दहाला सगळं बंद करावं लागतं, पोलीस येऊन उभे राहतात. बायका चपला शोधत होत्या, ढोलवाले घाम पुसत होते. मी स्टेजच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोट चोळत होते. मोहनदादा दोन चहा घेऊन आला. एक मला दिला, एक स्वतः घेतला, पण बसला नाही. कपाळाला आठ्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो शेवटच्या गरब्यातला मधला पीस. वर जायचं होतं तिथे तू खाली उतरलीस."

मी चहा खाली ठेवला. "तुला ऐकू आलं?"

"शेजारीच तर उभा होतो. न ऐकू यायला काय झालं?"

"पण बाहेर तर बरोबर वाजलं ना, ट्रॅकचं."

"ट्रॅकचं सोड. तुझं सांगतोय मी. उतरलीस की नाही?"

"उतरले."

किती वर्षांत कोणी माझी चूक काढली नव्हती. डोळे भरून आले माझे, आणि मी ते लपवले नाहीत. मोहनदादाने ते पाहिलं, पण त्याचा आवाज काही मऊ झाला नाही. कपातला उरलेला चहा त्याने धुळीत फेकला आणि लॅपटॉप आवरायला वळला.

"उद्या नीट वाजव," म्हणाला.